चेक

यंदा चतुर्थीला गावी होतो, तेव्हा एका सकाळी मी एक रिकामटेकडा उद्योग केला. पडवीत खुर्ची टाकून बसलो आणि घरातली माणसे 'चेक' हा शब्द किती वेळा उच्चारतात ते मोजत राहिलो. पहिल्या चहापासून जेवणाची पाने मांडीपर्यंत तो माझ्या कानावर एकवीस वेळा आला. पुतण्याची बायको आतून म्हणाली, "भात झाला का चेक करा हो कुणीतरी." पुतण्या म्हणाला, "टाकीत पाणी किती आहे ते आधी चेक करतो." कुणी आमटीचे मीठ चेक केले, कुणी परतीच्या गाडीचे तिकीट चेक केले, कुणी माडाखाली पडलेला नारळ चेक केला. शेवटी आठ वर्षांची नात माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि विचारू लागली, "आजोबा, तुम्ही झोपलाय की जागे आहात, ते आईनं चेक करायला सांगितलंय." मी जागा आहे असे तिला सांगितले आणि बाविसावी खूण केली.

आता असे उद्योग करणारा म्हातारा हा बहुधा भाषेच्या नावाने गळा काढण्याच्या तयारीत असतो, असा वाचकांना संशय येईल. तसा माझा विचार नाही. मुंबईत एका बँकेत माझी उभी हयात गेली. चेक या शब्दाचे मीठ मी खाल्ले आहे. त्याला नावे ठेवणे मला शोभणार नाही. पण त्या सकाळी मला एक गोष्ट जाणवली. हा एक शब्द किती जणांच्या जागेवर बसला आहे, हे मी पूर्वी कधी मोजले नव्हते.

भात झाला का हे आमची आई शीत चेपून बघे. नारळ कानाशी धरून हलवून बघत. फणस थापटून बघत, आंबा हुंगून बघत, बाजारात मासळीचा कल्ला उचलून बघत. अंगात ताप आहे का, हे कपाळाला हात लावून बघत. मीठ तळहातावर आमटीचा थेंब घेऊन चाखून बघत. मुलाचा पाढा म्हणवून घेत, बेरजेचा ताळा बघत, सोने कसाला लावून बघत. प्रत्येक ठिकाणी 'बघणे' आहेच. पण डोळ्यांनी बघणे त्यात थोडे. बघायला कधी बोट येते, कधी कान, कधी नाक, कधी जीभ. कशाने बघायचे ते क्रियापदच सांगते, आणि ज्याला ते सांगितले त्याला पुढे काही विचारावे लागत नाही. 'चेक कर' म्हटले की हात, नाक, कान सगळे मागे सरतात आणि उरतो फक्त होय किंवा नाही असा निकाल.

तरीही एवढ्यासाठी मी हे लिहायला बसलो नसतो. या शब्दाशी माझा एक जुना व्यवहार आहे. तो आमच्या गावाचाही आहे आणि आमच्या घराचाही आहे.

मुंबईत मला कुणी "गाव कुठले तुमचे?" असे विचारले आणि मी "इन्सुली" म्हणालो, की दहांतले सहाजण विचारत, "म्हणजे ते चेकपोस्टचे?" सावंतवाडीहून घाट उतरून बांद्याकडे जाताना आमचे गाव लागते. बांद्यापलीकडे तेरेखोल नदीचा मुलूख, आणि त्यापुढे पत्रादेवीला गोवा सुरू होतो. गोव्यात दारूवरचा कर कमी, म्हणून तिथे ती स्वस्त. महाराष्ट्रात कर जास्त, म्हणून महाग. पाणी उतारावरून वाहते तशी दारू स्वस्ताईकडून महागाईकडे वाहते, आणि ती अडवायला आमच्या गावात राज्य उत्पादन शुल्क खात्याचा नाका आहे. सरकारी मराठीत तो 'तपासणी नाका' आहे. पण गावात लहान पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे त्याला चेकपोस्टच म्हणतात. २०१७ साली देशभर नवा एकच कर आला, ठिकठिकाणचे जकातनाके इतिहासजमा झाले. पण पिण्याची दारू त्या कराबाहेर राहिली, त्यामुळे आमचा नाकाही राहिला.

या नाक्यावर गोव्याकडून आलेली बस थांबते, तेव्हा बसमधल्या माणसांचे चेहरे बघण्यासारखे असतात. गणवेशातला मनुष्य आत चढतो, वरच्या फळीवरच्या पिशव्यांवरून नजर फिरवतो, एखादी चाचपतो. ज्याच्या पिशवीत काजूगर आणि बेबिंका यांखेरीज काही नाही, तोही आपली पिशवी मांडीवर घट्ट धरून बसतो. काहीही केलेले नसताना आपण काहीतरी केले असावे, असे त्याला क्षणभर वाटते. गणवेशातला मनुष्य त्याच्याशी वाईट वागलेला नसतो. तो त्याचे काम करतो, आणि ते काम व्हायलाच हवे. पण 'चेक' या शब्दाला जो एक संशयाचा वास आहे, तो मला लहानपणापासून ओळखीचा आहे, कारण आम्ही त्या वासातच वाढलो.

आमच्या बापाच्या वेळी तर हा मामला दारूच्या बाटल्यांपुरता नव्हता. तेव्हा पत्रादेवीपलीकडे परमुलूख होता, पोर्तुगालचा. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सत्याग्रही बांद्याच्या बाजूने पत्रादेवीकडे चालत गेले आणि पोर्तुगीज शिपायांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यात कर्नैलसिंग बेनिपाल हा पंजाबातून आलेला तरुण पडला. पत्रादेवीला आज स्मारक आहे. त्यानंतर हद्द बंद झाली. पलीकडे सोयरीक असलेल्या आमच्याकडच्या घरांना बारशाला नि बाराव्याला जाणेही दुरापास्त झाले. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. पुढे काही दिवसांनी माझा थोरला भाऊ, दादा, पलीकडची ती चौकी रिकामी कशी दिसते हे बघायला मित्रांबरोबर चालत गेला होता. तो तेव्हा चौदा वर्षांचा होता, मी आठ. परत आल्यावर मी त्याला विचारले, "काय होतां थंय?" तो म्हणाला, "कोणच नाय. माका कोणी थांबय म्हणूक नाय." कुणी थांब म्हणाले नाही, ही त्याला सांगण्यासारखी बातमी वाटली होती.

दादाचा स्वभाव कळावा म्हणून एसटीतली एक गोष्ट सांगतो. बहुधा १९६० साल असावे. आई आम्हां दोघांना घेऊन सावंतवाडीहून येत होती. तिने कंडक्टरला सांगितले, "माझा एक फुल्ल आनि दोन हाफ." दादा अंगाने किरकोळ होता, तेराव्या वर्षीही तो अकराचा दिसे. घाटाच्या अलीकडे गाडी थांबली आणि खाकी कपड्यांतला चेकर वर चढला. एसटीत चेकर चढला की सगळी गाडी गप्प होते, हा अनुभव वाचकांपैकी पुष्कळांना असेल. त्याने तिकिटे हातात घेतली, दादाकडे बघितले आणि सहज विचारले, "वय काय रे तुझा?" आईने दादाच्या मांडीवर हात ठेवला. दादाने सांगितले, "तेरा पुरी झाली."

चेकरने फरकाचे पैसे घेतले आणि तो खाली उतरला. फरक काही नव्या पैशांचा होता. पण आईची मान घर येईपर्यंत वर झाली नाही. रात्री तिने दादाला काही बोलल्याशिवाय जेवायला वाढले, आणि त्याच्या भातावर तूप जरा जास्त घातले. ते मी बघितले होते. त्या दिवसापासून माझ्या मनात दादा आणि खरेपणा या दोन गोष्टी एकाच जागी ठेवलेल्या आहेत.

आम्ही दोघे बुद्धिबळ खेळत असू. सावंतवाडीच्या चितारआळीतून वडिलांनी लाकडी सोंगट्या आणल्या होत्या. हाताळून हाताळून राजाच्या डोक्यावरचा रंग गेला होता. पावसाळ्यात पडवीत कंदील ठेवून आमचा डाव चाले. दादा "शह" म्हणायचा तो अगदी हळू आवाजात, जणू काही समोरच्याच्या काळजीने. एकदा मी न सांगता त्याच्या राजावर उंट रोखला आणि पुढच्या खेळीला राजा उचलू लागलो. त्याने माझा हात धरला. "शह सांगूक व्हयो," तो म्हणाला. "सांगल्याशिवाय राजाक हात लावचो नाय."

पुढे मुंबईस गेल्यावर, बँकेच्या क्लबात इंग्रजी वळणाने खेळणारी मंडळी भेटली. ती शहाला 'चेक' म्हणत. बरीच वर्षे मला हे दोन वेगळे शब्द वाटत होते. निवृत्तीनंतर कोश चाळत बसण्याची चैन सुरू झाली, तेव्हा कळले की ते दोघे सख्खे भाऊ आहेत. फारसीत शाह म्हणजे राजा. आपल्याकडचा चतुरंगाचा खेळ इराणात गेला. तिथे राजावर हल्ला आला की खेळणारा 'शाह!' असे म्हणून प्रतिपक्षाला सावध करी. तोच शब्द खेळाबरोबर अरबांकडे गेला, तिथून युरोपात शिरला, जुन्या फ्रेंच भाषेत 'एशेक' झाला आणि इंग्लंडात पोचेपर्यंत झिजून 'चेक' राहिला. राजावर शह आला की खेळ अडतो, म्हणून चेकचा अर्थ अडवणे, आवरणे असा झाला. आणि अडवून खात्री करून घेणे, हा त्यापुढचा अर्थ. पटावरच्या चौकटींवरून चौकटीच्या कापडालाही चेक म्हणू लागले. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचे खजिनदार चौकटीचे कापड टेबलावर अंथरून त्यावर सोंगट्या मांडून हिशेब करीत, म्हणून खजिन्याला 'एक्स्चेकर' हे नाव पडले. बँकेतल्या चेकचे आजचे इंग्रजी स्पेलिंगही त्याच्याच वळणावर गेले. इंग्रज ही दोन स्पेलिंगे वेगळी ठेवतात. आपल्या देवनागरीत दोन्ही पुन्हा एक झाले.

म्हणजे खेळ इथून गेला आणि त्यातला एक शब्द दोन वाटांनी परत आला. शह फारसीतून खुष्कीच्या वाटेने आला. चेक इंग्रजांच्या गलबतातून समुद्रावरून आला. मराठीत दोघांची भेट झाली तेव्हा कुणी कुणाला ओळखले नाही. शह राजकारणात रमला, तिथे त्याला काटशह नावाचा जोडीदार मिळाला. चेक नाक्यावर, बँकेत, दवाखान्यात आणि आता स्वयंपाकघरात शिरला.

बँकेत मी तीस-पस्तीस वर्षे दुसऱ्याचे लिहिलेले तपासले. बँकेचा एक नियम आहे: नोंद करणारा एक, ती तपासणारा दुसरा. पहिल्याला 'मेकर' म्हणतात, दुसऱ्याला 'चेकर'. कितीही विश्वासू मनुष्य असला तरी आपली नोंद त्याने आपणच तपासायची नाही. यात कुणाला अपमान वाटत नाही. उलट आपल्या मागे दुसरा डोळा आहे, म्हणून रात्री झोप लागते. या नियमाने मला पोसले, आणि याच नियमाने मला घरात दगा दिला.

वडील १९८८ साली गेले. माड-पोफळी, काजूची बाग, थोडी भातशेती, सगळे दादा बघत होता. मी मुंबईला. दरवर्षी चतुर्थीला तो माझ्या हातावर माझा हिस्सा ठेवी. त्याच्या जोडीला उकडे तांदूळ, आमसुले, फणसाचे पापड. हिशेब तो एका लांबट वहीत लिहीत असे. ती वही कपाटावर असायची. मी कधी उघडली नव्हती आणि त्याने कधी मिटून ठेवली नव्हती.

१९९४ साली मी नुकताच अधिकारी झालो होतो. त्या वर्षीच्या चतुर्थीत, जेवणे झाल्यावर, सुपारी कातरता कातरता मी म्हणालो, "दादा, ती वही दी मरे. जरा चेक करून ठेवतंय."

माझ्या मनात काही नव्हते, हे मी आजही शपथेवर सांगेन. बँकेत दिवसातून पन्नासदा म्हणायचे वाक्य मी घरात म्हणालो, इतकेच. दादा उठला, वही आणली, दिवा जवळ सरकवला आणि समोर बसून राहिला. मी पेन्सिल घेऊन पानामागून पान उतरत गेलो. सवयीने प्रत्येक बेरजेपुढे बारीक खूण करीत गेलो. शेवटच्या पानावर चाळीस रुपयांची चूक निघाली. ती माझ्या फायद्याची होती. दादाने मला चाळीस रुपये जास्त दिले होते. मी मोठ्या खुशीत ते त्याला सांगितले. मला वाटले, तो हसेल.

तो म्हणाला, "झाला चेक करून? ठेव आता." आणि वही उचलून आत गेला.

वैनी दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितले आणि त्याही आत गेल्या.

पुढच्या वर्षापासून हिस्सा मनिऑर्डरने येऊ लागला. त्याच्या मागून रजिस्टर्ड पाकीट. त्यात हिशेबाची नक्कल, जमा-खर्चाचे दोन रकाने, खताच्या दुकानाच्या पावत्या टाचणीने लावलेल्या, प्रत्येक पानाखाली सही, आणि शेवटी एकच ओळ: 'तपासून घ्यावे.' मी जात होतो, चतुर्थी होत होती. आरती, नैवेद्य, जेवणे, सारे नेहमीप्रमाणे. दादा माझ्याशी बोलेही, पण पावसापाण्याचे. सोंगट्यांचा डबा फळीवरून खाली आला नाही. लोकांना यात काही दिसले नसते. भांडण असते तर ते मिटवायला चार माणसे धावली असती. इथे तर हिशेब चोख होता.

असे अकरा वर्षे चालले. मी त्याला काही विचारले नाही. विचारायचे कसे, हाच प्रश्न होता. 'तुला राग आला का?' असे विचारावे, तर तो म्हणणार, 'रागाचे काय? हिशेब बरोबर आहे ना?' आणि एक गोष्ट कबूल करायला हवी. माझ्या मनाच्या एका कोपऱ्यात असेही होते की, माझे काय चुकले? वही बघणे हा गुन्हा आहे काय? गावोगाव भावाभावांची घरे फुटलेली मी पाहिली आहेत. त्यांतली निम्मी, कुणीच वही वेळेवर उघडली नाही म्हणून फुटली. हा विचार खोटा नव्हता. पण त्याच्या आधाराने मी अकरा वर्षे गप्प बसलो, हे मात्र बरे केले नाही.

२००५ साली चतुर्थीसाठी निघालो. संध्याकाळी सहाला पोचतो असे मुंबईहून फोन करून कळवले होते. वाटेत पावसाने मुसंडी मारली, गाडी रखडत रखडत सावंतवाडीला आली तेव्हा मध्यरात्र झाली होती. कशीबशी एक रिक्षा मिळाली. तिने मला हमरस्त्यावर आमच्या वाटेच्या तोंडाशी सोडले आणि ती परत फिरली. पाऊस ओसरला होता. दूर नाक्यावर दिवे होते. एक ट्रक उभा होता आणि त्याच्या मागच्या बाजूला कुणीतरी विजेरी आत टाकून माल बघत होते. मी पिशव्या उचलल्या. एवढ्यात मोरीच्या कठड्यावरून दुसरी विजेरी पेटली आणि तिचा झोत सरळ माझ्या तोंडावर आला.

"इलंस?" आवाज दादाचा होता.

"दादा, तू हंय कित्याक बसलंस?"

"तू इलंस काय बघूक."

छत्री, खांद्यावर इरले, पायात चिखल. तो सातपासून तिथे बसला होता, असे मला दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांकडून कळले. मधे दोनदा घरी जाऊन परत आला होता. त्याने विजेरीचा झोत माझ्या तोंडावरून खाली पायापर्यंत नेला, पुन्हा वर आणला आणि म्हणाला, "बारीक झालंस." मग माझ्या हातातली जड पिशवी घेतली आणि पुढे चालू लागला.

वाटेत काय झाले कुणास ठाऊक. अंधार होता, तोंडे दिसत नव्हती, म्हणूनही असेल. मी म्हणालो, "दादा, त्या वयेचा माझा चुकला."

तो बराच वेळ चालत राहिला. पऱ्ह्यावरचा साकव ओलांडल्यावर थांबला. म्हणाला, "वही बघतंय म्हणाक येय नाय होता तुका? गाड्यांक चेक करतत रे."

एवढेच. पुढे तो या विषयावर कधी बोलला नाही, आणि मलाही आणखी काही ऐकायचे नव्हते. अकरा वर्षे मी मनात जो वाद घालत होतो, तो वही उघडण्याबद्दलचा होताच कुठे? त्याला वही दाखवायची नव्हती असे नाही. ती तर कपाटावर उघडीच होती. पण मी 'चेक' म्हणालो आणि नाक्यावर उभ्या असलेल्या गाडीसारखा त्याला रस्त्याच्या कडेला घेतला. लहानपणी ज्याने चेकरला आपले खरे वय सांगितले, त्याच्या पानांवर मी खुणा केल्या. शिवाय, शह सांगितल्याशिवाय दिला.

त्या चतुर्थीला सोंगट्यांचा डबा खाली आला. वाळवीने एक घोडा खाल्ला होता. त्याच्या जागी आम्ही सुपारी ठेवली.

आता दादा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. रक्तातली साखर वाढते, म्हणून घरात एक छोटे यंत्र आणून ठेवले आहे. ती आठ वर्षांची नात रोज सकाळी ते घेऊन त्याच्यासमोर बसते आणि हुकूम सोडते, "आजोबा, बोट पुढे करा. शुगर चेक करायचीय." आणि दादा, ज्याने या एका शब्दापायी भावाशी अकरा वर्षे अबोला धरल्यासारखे केले, तो शाळकरी मुलासारखा बोट पुढे करतो. आकडा जास्त आला की ती त्याला रागे भरते, "काल लाडू खाल्लात ना?" तो चोरी पकडली गेल्यासारखा हसतो. एवढ्या तपासणीत त्याला कुठे संशय दिसत नाही. तिच्या तोंडी त्या शब्दाला आमच्या नाक्याचा वास नाही. आईने कपाळाला हात लावून बघावे, तसा तो तिच्या बोटातून येतो.

म्हणून भाषेच्या नावाने गळा काढण्याचा विचार नाही, असे मी आरंभीच म्हणालो. शब्द परका होता म्हणून घाव बसला नाही. मीच तो कचेरीतून तसाच घरात आणला, पायही न धुता.

शिवाय मराठी माणसाने त्या शब्दाला आपल्या परीने माणसाळवले आहेच. त्या सकाळी मी मोजलेल्या बाविसांपैकी सहा वेळा तो एकटा आला नव्हता. "चेक करून बघ," असे म्हणाली होती माणसे. इंग्रजाच्या दृष्टीने हे पुनरुक्तीचे उदाहरण झाले. चेकमध्ये बघणे आलेच. पण आपल्याला तेवढ्याने समाधान होत नाही. इंग्रजी क्रियापदाला मराठीत स्वतःच्या पायावर चालता येत नाही; त्याला 'करणे' हाताला धरून आणते, हे व्याकरण सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याच्याही मागून 'बघणे' सावकाश येते आणि शेवटची जागा घेते.

यंदा निघायच्या आदल्या रात्री दादाने कपाटावरची वही काढली. आता ती पुतण्या लिहितो. दादाला बारीक अक्षर दिसत नाही. त्याने ती माझ्या पुढ्यात ठेवली, चष्मा पुसून माझ्याकडे दिला आणि म्हणाला, "जरा चेक करून बघ."

मी त्याच्याकडे बघितले. तो सुपारी कातरत होता. मिशीत हसत होता की नाही, ते दिव्याच्या उजेडात नीट कळले नाही. मी वही उघडली. पेन्सिल मात्र घेतली नाही.